कट्यार, खंजीर आणि बिचवा : मराठीतील काही शस्त्रनामे व त्यांचे सांस्कृतिक संकेत

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरील वैजापूर तालुक्यात, किंबहुना मराठवाड्याच्या कोणत्याही भागात, लग्नसराईच्या दिवसांत एक दृश्य हटकून पाहावयास मिळते. हळद लागलेला नवरदेव मुंडावळ्या बांधून बसलेला असतो आणि त्याच्या हाती एक लहानसे शस्त्र असते. शस्त्राच्या टोकाला लिंबू टोचलेले असते. हळदीपासून अक्षता पडेपर्यंत ते त्याने हातावेगळे करू नये, असा घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह असतो. या शस्त्राला धार असतेच असे नाही. पुष्कळदा ते फेट्याबरोबर बाजारातून आणलेले, जरीच्या म्यानातील शोभेचे पाते असते, आणि काही घरी तर साध्या सुरीवरच काम भागविले जाते. तथापि त्या वस्तूला त्या प्रसंगी सर्वजण एकाच नावाने ओळखतात. ते नाव म्हणजे ‘कट्यार’.

वस्तू सुरी असली तरी तिला कट्यार म्हणावयाचे, खंजीर मात्र म्हणावयाचे नाही, ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. परंतु शब्दाच्या अभ्यासकाने येथे थबकले पाहिजे. वैजापूर १९४८ पर्यंत निजामी राज्यात होते. तेथील कचेऱ्यांची भाषा उर्दू होती आणि बाजारात दखनी सर्रास बोलली जात असे. ‘खंजर’ हा शब्द तेथील मराठी भाषकाच्या कानावर नित्य पडत होता. असे असूनही विवाहविधीत त्याला प्रवेश मिळाला नाही. मराठीतील लघुशस्त्रांच्या नावांमध्ये अर्थाची एक निश्चित वाटणी झालेली आहे. ही वाटणी शस्त्रांच्या आकारावरून झालेली नाही. ती त्या शब्दांच्या इतिहासावरून आणि समाजाने त्यांच्यावर सोपविलेल्या कार्यावरून झालेली आहे. ती स्पष्ट करणे व तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास ऐतिहासिक साधनांचा अर्थ कसा चुकतो हे दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तुलनेसाठी : मलय व जावी केरीस

लहान शस्त्राला सांस्कृतिक प्रतीकाचे स्थान कसे प्राप्त होते, याचे जगातील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे मलय द्वीपसमूहातील ‘केरीस’. निरनिराळ्या गुणांच्या लोखंडाचे थर एकत्र ठोकून त्याचे पाते घडविलेले असते आणि त्यामुळे पात्याच्या अंगावर जी नक्षी उमटते, तिला ‘पामोर’ म्हणतात. पाते सरळ किंवा नागमोडी असते. नागमोडी असल्यास त्याच्या वळणांची संख्या नेहमी विषम असावी असा संकेत आहे. केरीस घडविणाऱ्या कारागिराला जावी भाषेत ‘एम्पू’ ही आदराची उपाधी आहे. मध्य जावातील सुकुह येथील पंधराव्या शतकातील मंदिरात लोहारशाळेचे एक शिल्प आहे. तेथे भीम पाते घडवीत आहे, अर्जुन भाता चालवीत आहे आणि दोघांच्या मध्ये गणेश नाचत आहे. महाभारतातील पात्रे आपल्या देशात शस्त्रे चालविताना दिसतात. जावात ती शस्त्रे घडविताना दिसतात, हा भेद लक्षणीय आहे.

केरीसचे महत्त्व त्याच्या मारकशक्तीत नाही. ते वडिलांकडून मुलाकडे जाते, त्याच्या ठायी स्वतंत्र सामर्थ्य वसते असे मानले जाते, आणि मलेशियाच्या राजाच्या अधिकारग्रहणसमारंभात राजा त्याचे चुंबन घेतो. मलय विवाहात वर हा ‘एका दिवसाचा राजा’ समजला जातो आणि त्या नात्याने तो कमरेला केरीस लावतो. जावात तर अनुपस्थित वराच्या जागी त्याचा केरीस ठेवण्याची चाल होती. २००५ साली युनेस्कोने इंडोनेशियातील केरीसपरंपरेचा मानवजातीच्या अमूर्त वारशात गौरवपूर्वक समावेश केला व २००८ साली ती प्रातिनिधिक यादीत आली.

या सर्व अर्थच्छटा तेथे एकाच शब्दाभोवती गोळा झाल्या आहेत. राजचिन्ह, कुलाचा ठेवा, वराचे भूषण आणि वैऱ्याचा घात करणारे हत्यार ही सर्व केरीसच होत. मराठीत स्थिती वेगळी आहे. तेथे ‘नवरदेव’ हा शब्दच वराला एका दिवसाचे देवत्व बहाल करतो आणि त्याच्या हाती शस्त्रही देतो. परंतु हे शस्त्र आणि घातपाताचे शस्त्र यांची नावे भाषेने वेगवेगळी ठेवली आहेत.

नावांची कुळकथा

प्रथम ‘कट्यार’ हा शब्द घेऊ. प्राकृतात ‘कट्टारी’ असे रूप आढळते व संस्कृत कोशांत ‘कट्टार’, ‘कट्टारक’ ही रूपे नोंदलेली आहेत. कापणे या अर्थाच्या ‘कृत्’ धातूशी त्याचा संबंध जोडण्यात येतो. हिंदीत ‘कटार’ व ‘कटारी’, तमिळमध्ये ‘कट्टारि’ अशी याच शब्दाची रूपे आहेत. म्हणजे तो उत्तरेकडील व दक्षिणेकडील भाषांत सारखाच पसरलेला आहे. मराठीत तो प्राकृताच्या वाटेने आलेला, घरचा शब्द होय. मूळचा अंत्य ईकार उच्चारातून लोपला असला तरी विभक्तिप्रत्यय लागताच तो पुन्हा डोके वर काढतो : कट्यारीने, कट्यारीचा. तलवार, भिंत इत्यादी स्त्रीलिंगी शब्दांच्या पंगतीत तो अशा रीतीने सहज बसतो.

‘खंजीर’ हा अरबी ‘खंजर’ शब्द. फारसीच्या द्वारे तो दखनेत आला आणि मराठीच्या तोंडी बसताना त्यातील दुसऱ्या अकाराचा ईकार झाला. ‘जंबिया’ हाही अरबीच. ‘जंब’ म्हणजे बाजू, कूस. कमरेच्या बाजूला लावावयाचे ते जंबिया. ‘पेशकब्ज’ हा फारसीतून आलेला समास असून ‘पेश’ म्हणजे पुढील व ‘कब्ज’ म्हणजे पकड. हे तिन्ही शब्द दरबार व लष्कर यांच्या मार्गाने मराठीत आले आणि प्रायः त्याच क्षेत्रात राहिले.

‘बिचवा’ हा शब्द भाषाशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. विंचवाच्या नांगीसारखे वाकडे पाते म्हणून हे नाव पडले, हे उघड आहे. परंतु मराठीत त्या प्राण्याला ‘विंचू’ म्हणतात. संस्कृत शब्दारंभीचा वकार मराठीने जपला आहे आणि हिंदीने त्याचा बकार केला आहे : वाघ आणि बाघ, वीस आणि बीस, विंचू आणि बिच्छू. तेव्हा ‘बिचवा’ हा शब्द मराठीच्या घडणीचा असता तर त्याच्या आरंभी वकार असता. दुसरी खूण छकाराची आहे. जुना छकार मराठीत नियमाने सकार होतो. हिंदीतील ‘छुरी’ ती मराठीतील ‘सुरी’, आणि हिंदीत ‘मछली’ असली तर मराठीत ‘मासा’. हिंदी ‘बिछुआ’ मराठीत येताना मात्र त्यातील छकाराचा सकार झाला नाही; केवळ महाप्राण गळून चकार उरला. अर्थात् हा शब्द वरील ध्वनिपरिवर्तन पूर्ण झाल्यानंतर उत्तरेकडून किंवा दखनीतून मराठीत आला. हिंदीत ‘बिछुआ’ हे स्त्रियांच्या पायाच्या बोटांतील दागिन्याचेही नाव आहे, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तेथे एकच शब्द सौभाग्याचे लेणे व प्राणघातक शस्त्र या दोहोंना पुरला.

याउलट ‘वाघनख’ शब्दातील वकार शाबूत आहे. तो सर्वस्वी मराठी वळणाचा शब्द असून शस्त्राबरोबरच मुलांच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून बांधावयाच्या वाघाच्या नखालाही तो लागतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज व अफजलखान यांची जी भेट झाली, तिच्या परंपरागत वर्णनात बिचवा आणि वाघनख ही दोन्ही एकत्र येतात. एका प्रसंगातील दोन शस्त्रे. त्यांपैकी एकाचे नाव घरचे, दुसऱ्याचे बाहेरून आलेले. सतराव्या शतकातील मराठ्यांचे शस्त्रागार अनेक परंपरांच्या मिश्रणातून सिद्ध झाले होते, याचा हा भाषिक पुरावा मानावयास हरकत नाही. पुढे हे मिश्रण राज्यकर्त्यांच्याही लक्षात आले होते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचविण्यात आले. त्या कोशाच्या दहा वर्गांत शस्त्रवर्ग स्वतंत्र आहे.

संग्रहालयातील नाव आणि बखरीतील नाव

येथपर्यंतचे विवेचन केवळ व्युत्पत्तीचे वाटेल; पण त्याचा ऐतिहासिक साधनांच्या वाचनाशी निकटचा संबंध आहे. आज कोणत्याही संग्रहालयात ‘कटार’ अशी पाटी लावलेले जे शस्त्र असते, त्याची मूठ इतर सर्व शस्त्रांहून निराळी असते. दोन समांतर पट्ट्यांच्या मध्ये एक किंवा दोन आडवे दांडे असतात, ते मुठीत धरले की पाते थेट मुठीच्या पुढे येते, आणि ठोसा मारावा तसा त्याचा प्रहार करता येतो. परंतु अकबराच्या कारकीर्दीत अबुल फजलने रचलेल्या ‘आईन-इ-अकबरी’त या आकाराच्या शस्त्राला ‘जमधर’ म्हटले असून ‘कटारा’ हे नाव दुसऱ्याच शस्त्राला दिलेले आहे. एजर्टन याने १८८० साली हिंदी शस्त्रांची सचित्र सूची प्रसिद्ध केली, आणि तिच्यासारख्या इंग्रजी सूचींमधून ‘कटार’ हे नाव आडव्या मुठीच्या शस्त्राला कायमचे चिकटले. पुढील संग्रहालयांनी तीच परंपरा चालविली व तीच आज प्रमाण समजली जाते.

आता कृष्णाजी अनंत सभासद याने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेली बखर पाहावी. तिच्यात खानाच्या हातचे शस्त्र म्हणून ‘जमदाड’ असा शब्द येतो. हा शब्द संस्कृत ‘यमदंष्ट्रा’ म्हणजे यमाची दाढ याचे तद्भव रूप असून राजस्थानीत तो ‘जमदाढ’ असा आहे. आईनमधील ‘जमधर’ त्याच शस्त्रकुलातील. म्हणजे आज ज्याला संग्रहालये ‘कटार’ म्हणतात, ते शस्त्र बखरकाराच्या भाषेत ‘जमदाड’ होते. हा भेद ज्याला ठाऊक नाही, तो विद्यार्थी दोन प्रकारे चुकतो. बखरीत ‘जमदाड’ वाचून ते एखादे अपरिचित, नष्ट झालेले शस्त्र असावे असे तो समजतो. आणि जुन्या कागदात ‘कट्यार’ शब्द दिसताच त्याच्या डोळ्यांपुढे संग्रहालयातील आडव्या मुठीचे पाते उभे राहते, जे लेखकाच्या मनात बहुधा नव्हते. विवाहात वराच्या हाती असणारी कट्यारही सामान्यतः सरळ मुठीचीच असते. सूचीकारांच्या नामकरणाचा लोकव्यवहारावर काही परिणाम झाला नाही, हे यावरून दिसते.

शस्त्राचे नाव व प्रत्यक्ष वस्तू यांचा संबंध जोडण्यात किती सावधगिरी हवी, याचे दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनख जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आणण्यात आले. १८१८ नंतर साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफ याच्याकडून ते इंग्लंडात गेले, आणि प्रतापगडच्या प्रसंगाशी त्याचे नाते सांगणारा मजकूर त्याच्या पेटीवर कोरलेला आहे. तथापि हे नाते सिद्ध करता येत नाही, असे त्या संग्रहालयाचेच निवेदन आहे. लोकांनी त्या वस्तूच्या दर्शनासाठी गर्दी केली, यात आश्चर्य नाही; प्रतीक म्हणून वस्तूला जे मोल येते ते तिच्या पुराव्यावर अवलंबून नसते. परंतु संशोधकाने प्रतीकाचे मोल आणि पुराव्याचे मोल यांची गल्लत करता कामा नये.

पुरुषाच्या जागी शस्त्र

विवाहातील कट्यारीचा अर्थ दुहेरी आहे. त्यापैकी एक रक्षणाचा. हळद लागलेले शरीर बाधेला सुलभ असते अशी समजूत आहे व लोखंड बाधेला दूर ठेवते ही श्रद्धा सर्वत्र आढळते. बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा कोयता ठेवण्याची चाल याच श्रद्धेतून आली. टोकावरील लिंबू हेही दृष्ट उतरविण्याचे साधन. येथे शस्त्राच्या धारेला महत्त्व नाही, धातूला आहे. म्हणून सुरीने काम भागते.

दुसरा अर्थ प्रतिनिधित्वाचा. महाराष्ट्रातील काही संस्थानिक घराण्यांत व राजपुतांत ‘खांड्याशी लग्न’ लावण्याची रीत होती. वर स्वतः मांडवात न येता आपला खांडा किंवा कट्यार पाठवीत असे आणि वधूचा विवाह त्या शस्त्राशी लावला जाई. येथे शस्त्र हे पुरुषाचे चिन्ह राहत नाही, ते विधीपुरता पुरुषच होते. जावातील केरीसविवाहाशी याचे साम्य स्पष्ट आहे. मात्र अशा विवाहाने स्त्रीला मिळणारा दर्जा अग्निसाक्ष विवाहाच्या राणीहून कमी समजला जाई, आणि या कमीपणाचे परिणाम तिच्या संततीला भोगावे लागत.

याचे बोलके उदाहरण तंजावरच्या मराठी राजघराण्यात सापडते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी स्थापिलेले हे राज्य १८५५ पर्यंत टिकले. तेथील प्रतापसिंह (कारकीर्द १७३९ ते १७६३) हा तुकोजीराजांचा, खड्गविवाहाच्या राणीपोटी झालेला पुत्र होता. त्याने जवळजवळ चोवीस वर्षे राज्य केले. परंतु त्याच्या जन्माचा प्रश्न प्रतिस्पर्ध्यांच्या हाती आयते हत्यार होऊन बसला. १७४९ साली इंग्रज कंपनीने पदच्युत दावेदाराचा पक्ष घेऊन तंजावरवर मोहीम काढली आणि देवीकोट्टईचा किल्ला मिळताच त्या दावेदाराला वाऱ्यावर सोडले. शस्त्राशी लागलेले लग्न हे पूर्ण लग्न की अपूर्ण, हा विधीचा प्रश्न अशा रीतीने राजकारणाचा प्रश्न झाला होता.

याच तंजावरच्या शस्त्रागारात आडव्या मुठीच्या कटारींचा मोठा संग्रह होता. त्यांतील कित्येकींना हाताच्या पाठीचे रक्षण करणारे पोलादी आच्छादन असून पाती युरोपीय बनावटीची आहेत. परदेशी तलवारीचे तुटलेले पाते दक्षिणी मुठीत बसविलेले आढळते. १८५५ साली राज्य खालसा झाल्यावर निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयात गेली व पुष्कळशी मोडीत निघाली. आज परदेशी संग्रहालयांत तंजावरच्या म्हणून ज्या कटारी मिरविल्या जातात, त्या या वाताहतीतून वाचलेल्या होत.

काळीज आणि पाठ

विधी व इतिहास यांनी केलेली ही वाटणी नित्याच्या भाषेत कशी उतरली आहे, हे पाहिले म्हणजे विवेचन पूर्ण होईल. विश्वासघाताला मराठीत ‘पाठीत खंजीर खुपसणे’ असा रूढ वाक्प्रचार आहे. ही कल्पना मराठीपुरती मर्यादित नाही. उर्दूत व इंग्रजीतही ती आहे. १९७८ साली वसंतदादा पाटील यांचे मंत्रिमंडळ कोसळल्यानंतर तर महाराष्ट्राच्या राजकीय बोलीत हा वाक्प्रचार कायमचा रुळला. येथे ‘कट्यार’ शब्द घालून पाहावा. अर्थ कळेल, पण वाक्प्रचार मोडेल. ऐकणाऱ्याला काहीतरी विसंगत घडल्यासारखे वाटेल.

उलट पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या संगीत नाटकाचे नाव ‘कट्यार काळजात घुसली’ असे आहे. त्यातील कट्यार हे राजगायकपदाचे मानचिन्ह आहे. ती ज्याच्याकडे असेल त्याला संस्थानात एक खून माफ आहे. मान आणि मृत्यू यांचे ओझे एकाच वस्तूवर टाकल्याने नाटकातील सारा संघर्ष उभा राहतो. परंतु शीर्षकातील घाव द्वेषाचा नसून सुरांचा आहे. जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत व वसंतराव देशपांडे यांचे गायन यांमुळे ते शीर्षक घरोघरी पोहोचले आणि २०१५ सालच्या चित्रपटाने ते नव्या पिढीकडे नेले. या नावात ‘खंजीर’ शब्द बसला नसता. कट्यार समोरून येते व काळजाला लागते; खंजीर मागून येतो व पाठीत शिरतो. दोन्ही पाती माणूस मारू शकतात, दोहोंचा आकारही सामान्य वाचकाच्या मनात फारसा वेगळा नसतो. तरी भाषेने एकीला मान दिला व दुसऱ्याला दगा चिकटविला.

यामागे घरचा शब्द पवित्र व परका शब्द दूषित असा सोपा नियम आहे, असे मात्र समजू नये. ‘बिचवा’ हा बाहेरून आलेला शब्द असून मराठी मनात तो शौर्याच्या स्मृतीशी निगडित आहे, आणि ‘सुरा’ हा घरचा शब्द असून आज तो खाटकाच्या व गुंडाच्या हाती दिसतो. खरा नियम असा आहे की, जो शब्द विधीत शिरला तो विधीच्या आधाराने टिकला व त्याच्याभोवती मानाचा अर्थ जमला. विधी जुना शब्द सहसा सोडत नाही. खंजीर, जंबिया व पेशकब्ज हे शब्द दरबाराबरोबर आले. दरबार गेल्यावर त्यांतील दोन कोशात जाऊन बसले व तिसरा वाक्प्रचारात उरला. कट्यारीला मात्र दरवर्षी लग्नसराईत नवे काम मिळत राहिले.

यावरून अभ्यासकांना एक व्यावहारिक सूचना करता येते. जुन्या कागदात शस्त्राचे नाव आढळल्यास प्रथम त्या कागदाचा काळ, प्रांत व प्रकार निश्चित करावा, आणि मगच संग्रहालयातील वस्तूकडे वळावे. संग्रहालयातील पाटीवरून कागदाचा अर्थ लावू नये. तसेच जिवंत भाषेची साक्ष गौण मानू नये. वैजापूरच्या मांडवात एखादी वृद्ध स्त्री नवरदेवाच्या हातात स्वयंपाकघरातली सुरी देते आणि “कट्यार सोडू नकोस बाळा” असे बजावते, तेव्हा ती वस्तूचे नाव चुकत नाही. ती त्या वस्तूला तिचे त्या दिवसापुरते काम नेमून देत असते.